सहा वर्षांच्या मुलीचं कोपर: ‘बारीकशी चीर’ म्हणून थांबू नका

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमची सहा वर्षांची मुलगी बारा दिवसांपूर्वी आजोळी पेरूच्या झाडावरून हातावर पडली आणि कोपर सुजलं. त्याच संध्याकाळी गावातल्या हाडवैद्यांनी लेप लावून कामट्या बांधल्या. सूज उतरेना म्हणून आठव्या दिवशी एक्स-रे काढला. एक डॉक्टर म्हणाले, “बारीकशी चीर आहे, पोरांची हाडं आपोआप जुळतात, तीन आठवडे प्लास्टर ठेवू.” दुसरे म्हणाले, “ऑपरेशन करून दोन तारा घालाव्या लागतील, उशीर करू नका.” रिपोर्टात ‘लॅटरल कॉन्डाइल फ्रॅक्चर, तुकडा सुमारे ३ मिलिमीटर सरकलेला’ असं आहे, म्हणजे दंडाच्या हाडाच्या कोपराकडच्या टोकाचा बाहेरचा भाग मोडलाय. कुणाचं ऐकायचं, हात आखूड राहील का, मालिश कधी सुरू करायची, डिंकाचे लाडू आणि पायाचं सूप द्यायचं का, हे तुम्ही विचारलंय. आणि शेवटी, जाता जाता, सासूबाईंच्या गुडघ्याचं: “पोरीचं मोडलेलं हाड महिनाभरात जुळणार, मग आईंची झिजलेली गादी का भरून येत नाही?”

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या शेवटच्या प्रश्नातच आहे, म्हणून दोन्ही एकत्र घेतो.

आधी निर्णय. तुम्ही लिहिलंय ते बरोबर असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका. ऑपरेशन याच आठवड्यात करून घ्या. बारा दिवस झालेत, अजून वेळ हातची गेलेली नाही. पण दुखापत होऊन तीन आठवडे उलटले की हेच काम कितीतरी अवघड होतं. ज्यांनी थांबायला सांगितलं त्यांच्याबद्दल मनात राग धरू नका. मुलांच्या बहुतेक फ्रॅक्चरना त्यांचं वाक्य लागू पडतं. या एका जागेला ते लागू पडत नाही, आणि का पडत नाही हे तुम्हाला कळलं तर ऑपरेशनच्या कागदावर सही करताना हात थरथरणार नाही.

तुमच्या घरी मटण होत असेल तर कोवळ्या बकऱ्याची नळी आठवा. मटण नीट शिजलं की त्या नळीचं टोक टोपणासारखं अलगद सुटून येतं. त्या टोपणाची बाहेरची बाजू सांध्याची असते. गुळगुळीत, निळसर पांढरी, चकाकणारी, दातांखाली कुरकुरणारी. आतली बाजू पाहिलीत तर ती खडबडीत असते, लहान लहान उंचवटे आणि खळगे असलेली, आणि नळीच्या टोकावर त्याला तंतोतंत बसणारे खळगे-उंचवटे. टोपण आणि नळी यांच्यामध्ये जी पातळ चकती होती ती शिजताना विरघळली, म्हणून ते सुटलं. थोराड बकऱ्याच्या नळीचं टोक असं सुटत नाही, कारण तिथे चकती उरलेलीच नसते, सगळं हाड होऊन गेलेलं असतं.

सांध्याची ती चकाकणारी बाजू आणि ती विरघळलेली चकती, दोन्ही कूर्चा. हाड लांबीला वाढतं ते या चकतीतून, म्हणून तिला वाढीची चकती म्हणतात. तुमच्या मुलीच्या कोपरात आज हाडापेक्षा कूर्चाच जास्त आहे. माणसाची बहुतेक हाडं आईच्या पोटात आधी कूर्चेच्या साच्यात तयार होतात आणि मग त्या साच्यात ठिकठिकाणी हाड भरत जातं. कोपराच्या भागात ही भरण्याची केंद्रं एकामागोमाग उगवतात: पहिलं साधारण पहिल्या वर्षी, दुसरं तिसऱ्या वर्षाच्या आसपास, मग पाच, सात, नऊ आणि शेवटचं अकराव्या वर्षाच्या सुमाराला. मुलींमध्ये थोडं आधी. म्हणजे सहा वर्षांच्या मुलीच्या कोपराच्या एक्स-रेत निम्मी केंद्रं दिसतच नाहीत. ती जागा फिल्मवर काळी, रिकामी दिसते, पण ती रिकामी नसते, तिथे कूर्चा असते. एक्स-रेला चुना दिसतो. कूर्चेत चुना नसतो.

म्हणून फिल्मवर नखाच्या कपचीएवढी रेघ दिसते आणि “बारीकशी चीर” हा शब्द तोंडात येतो. प्रत्यक्षात सुटलेला तुकडा चिंचोक्याहून मोठा असतो. त्याला सांध्याचा गुळगुळीत पृष्ठभाग असतो, वाढीच्या चकतीचा एक भाग असतो आणि मनगट वर उचलणारे स्नायूही त्याच्याच बाहेरच्या टोकाला धरलेले असतात. एवढ्या सगळ्यातलं हाड तेवढं ती कपची. मी शिकाऊ डॉक्टरांना ही फिल्म दाखवतो तेव्हा पेन्सिलने तो न दिसणारा भाग काढून दाखवतो. पेन्सिल फिरली की त्यांच्या चेहऱ्यावर उमटतं ते मला दर वेळी समाधान देतं.

आता हाड कसं जुळतं ते सांगतो.

हाड म्हणजे कोरडा दगड नव्हे. कोकणातला कारवीचा कूड तुम्ही पाहिला असेल. आत काटक्यांची वीण, वरून शेणमातीचा लेप. हाडातली वीण कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांची आणि माती कॅल्शियम-फॉस्फरसच्या क्षारांची. कोंबडीचं तंगडीचं हाड स्वच्छ करून चार-सहा दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मधे एकदा व्हिनेगर बदला. क्षार विरघळतात, वीण राहते आणि हाड रबरासारखं वाकतं. मुलीला प्लास्टरमध्ये घरी बसावं लागणार आहे, तिच्यासोबत करून बघा. उलट जळलेल्या हाडात वीण संपते, क्षार राहतात, आणि ते चिमटीत चुरतं.

या कुडाची डागडुजी आयुष्यभर चालू असते. जुनं हाड कुरतडून काढणाऱ्या पेशी वेगळ्या, नवं घालणाऱ्या वेगळ्या. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. हाडात भरपूर रक्त खेळतं, आणि सगळ्या मोडलेल्या हाडांचं नशीब या रक्तावर ठरतं. हाड मोडलं की आधी तिथे रक्त साखळतं. त्या गाठीत पेशी येतात, हाडावरची साल जाड होते, आणि दोन-तीन आठवड्यांत टोकांभोवती एक मऊ, चिवट गोळा तयार होतो. आम्ही त्याला कॅलस म्हणतो. गंमत बघा, हा मऊ गोळा बराचसा कूर्चेचाच असतो! शरीर गर्भातली युक्ती पुन्हा वापरतं: आधी कूर्चेचा साचा, मग त्यात हाड. पुढे महिनोन्महिने, कधी वर्षं, त्या ओबडधोबड गोळ्याला तासून मूळ आकार देणं चालतं. कातडीवर जखम भरली तर व्रण राहतो. हाड भरतं ते हाडानेच, मागे व्रण ठेवत नाही. १९५०च्या दशकात सैबेरियातल्या कुर्गान शहरात गाव्रिल इलिझारोव्ह या सर्जननी याच गुणावर विसंबून कापलेल्या हाडाची टोकं दिवसाला १ मिलिमीटर, तेही चार टप्प्यांत, अशी हळूहळू दूर नेली आणि मधली जागा नव्या हाडाने भरून आणली. हाडाच्या या ताकदीचं मला इतक्या वर्षांनंतरही नवल वाटतं.

मुलांमध्ये ती ताकद अधिकच. हाडावरची साल जाड असते, म्हणून कित्येकदा ओल्या काडीसारखं हाड एका बाजूने चिरतं आणि दुसऱ्या बाजूने साल त्याला धरून ठेवते. तान्ह्या बाळाचं मांडीचं हाड दोन-तीन आठवड्यांत धरतं, तेच मोठ्या माणसात तीन महिने आणि अधिक घेतं. मनगटाजवळ मोडलेलं सहा वर्षांच्या मुलाचं हाड वीस अंशांत वाकडं जुळलं तरी वर्ष-दीड वर्षात सरळ होताना मी शेकडो वेळा पाहिलंय. आईवडील पहिल्या फिल्मवर रडतात, शेवटच्या फिल्मवर विचारतात की मोडलं होतं कुठे. “आपोआप जुळतात” हे वाक्य या अनुभवातून आलेलं आहे.

मग तुमच्या मुलीचं का नाही?

एक तर हा तुकडा सांध्यात उघडा पडलेला आहे. सांध्यातलं वंगण त्या फटीतून सतत फिरतं, त्यामुळे रक्ताची गाठ टिकत नाही, आणि गाठच टिकली नाही तर पुढचं काही घडत नाही. दुसरं, मनगट उचलणारे स्नायू त्या तुकड्याला रोज खाली आणि बाहेर ओढतात. प्लास्टरमध्येसुद्धा ती बोटं हलवतेच. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. ओढीने तुकडा फिरला की त्याची कूर्चेची बाजू हाडाच्या मोडलेल्या बाजूसमोर येते. हाडाला हाड भेटलं तर जुळतं. हाडासमोर कूर्चा आली तर वर्षभर वाट पाहिली तरी जुळत नाही, कारण कूर्चेत रक्तवाहिनीच नाही. जिथे रक्त नाही तिथे गाठ नाही, गाठ नाही तिथे कॅलस नाही.

ही चूक माझ्या हातून झालेली आहे, म्हणून इतकं ठासून सांगतोय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत पाच वर्षांचा एक मुलगा असाच कोपर सुजून आला. फट जेमतेम दिसत होती. मी कच्चं प्लास्टर घातलं, तीन आठवड्यांनी या म्हटलं. एका आठवड्याने पुन्हा एक्स-रे काढायला बोलवायला हवं होतं, ते बोलावलं नाही. तीन आठवड्यांनी तुकडा फिरलेला होता. वडिलांना मोठ्या रुग्णालयात जा म्हणून सांगितलं, पण तोवर सूज गेली होती, दुखणं थांबलं होतं, पोरगं खेळत होतं. ते गेले नाहीत. तो मुलगा ऐन विशीत पुन्हा माझ्यापुढे आला. कोपरापासून हात बाहेरच्या बाजूला वळलेला, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर, अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खोलगट झालेला. शर्टाचं बटण लावताना बोटं घसरायची. कोपर वाढीच्या वर्षांत हळूहळू बाहेर वळत गेलं आणि आतल्या बाजूने जाणारी नस वर्षानुवर्षं ताणली गेली. मी ती नस मोकळी करून पुढच्या बाजूला सरकवली. मुंग्या थांबल्या. आटलेला स्नायू पूर्ण भरून आला नाही. तेव्हापासून कोपराची एकही ‘बारीक चीर’ मी एका फिल्मवर सोडलेली नाही.

तुकडा २ मिलिमीटरपेक्षा कमी सरकला असेल तर प्लास्टरवर थांबता येतं, पण दर पाच-सात दिवसांनी एक्स-रे काढून, आणि त्यात हात आत वळवून काढलेली तिरकी फिल्म हवीच. समोरून आणि बाजूने फट लपते, तिरक्या फिल्मवर उघडी पडते. तुमच्याकडे ३ मिलिमीटर आहे. काही वेळा भूल दिल्यावर सांध्यात औषधाचा रंग सोडून पाहतात, आणि सांध्याचा पृष्ठभाग अखंड दिसला तर न कापता बाहेरूनच तारा घालतात. बारा दिवसांनी आत मऊ गोळा भरायला लागलेला असतो, त्यामुळे बहुधा छोटा छेद घेऊन तुकडा डोळ्यांनी पाहून बसवावा लागेल. तशी तयारी ठेवा.

ऑपरेशन मोठं नाही, पण ते नाजूक आहे. कोपराच्या बाहेरच्या बाजूने छेद, साखळलेलं रक्त धुऊन काढायचं, तुकडा जागेवर ठेवून सांध्याचा पृष्ठभाग पायरी न राहता जुळलाय हे बघायचं आणि दोन गुळगुळीत तारा फाकवून घालायच्या. या तुकड्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मागच्या बाजूने येतात, त्यामुळे अनुभवी सर्जन मागची बाजू खरवडत नाही. तारा वाढीच्या चकतीतून गेल्या म्हणून घाबरू नका. त्या गुळगुळीत असतात, थोड्या दिवसांसाठी असतात आणि सहसा वाढ अडवत नाहीत. साधारण चार आठवड्यांनी फिल्मवर जुळणी दिसली की ओपीडीतच काढतात. तारांची टोकं कातडीबाहेर ठेवली असतील तर तोवर ती जागा ओली होऊ देऊ नका. तिथून पू आला, लाली पसरली किंवा ताप भरला तर तारीख न बघता दाखवायला न्या.

हात आखूड राहील का? या बाबतीत तुम्हाला खरोखर दिलासा देता येतो. लांब हाड मधून वाढत नाही, टोकांना वाढतं. १७२७ साली स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्री-शास्त्रज्ञाने कोंबडीच्या वाढत्या पिलाच्या पायाच्या हाडाला दोन भोकं पाडल्याची हकीकत लिहून ठेवली आहे. काही आठवड्यांनी हाड लांबलं, पण भोकांमधलं अंतर होतं तेवढंच राहिलं. टोकाजवळच्या त्या चकतीत कूर्चेच्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. वरच्या टोकाला नव्या पेशी होतात, खालच्या फुगतात, मरतात आणि त्यांच्या जागी हाड येतं. फुगलेल्या पेशींचा थर सगळ्यात कच्चा, म्हणून मुलांच्या दुखापतीत चकती बहुतेकदा तिथेच फाटते. मोठ्या माणसाचा पाय मुरगळला की अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारा चिवट पट्टा, ताणला जातो. मुलांमध्ये अस्थिबंध चकतीपेक्षा मजबूत असतो, म्हणून मुलाचा ‘लचकलेला’ घोटा बोटाने चाचपताना हाडाच्या टोकावर दुखला तर मी त्याला लचक म्हणत नाही.

सगळ्या चकत्या सारखं काम करत नाहीत. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के लांबी खांद्याकडची चकती देते, कोपराकडची फक्त २० टक्के. म्हणजे तुमच्या मुलीच्या चकतीला थोडा धक्का बसला असला तरी लांबीत डोळ्यांना दिसेल असा फरक सहसा पडत नाही. हीच दुखापत गुडघ्यापाशी झाली असती तर मी वेगळं लिहिलं असतं. मांडीच्या हाडाची गुडघ्याकडची चकती वर्षाला ९ ते १० मिलिमीटर वाढ देते आणि नडगीची वरची सुमारे ६. तिथे चकतीचा एक भाग हाडाने बंद झाला तर पाय आखूड होतो किंवा वाकतो. टोरंटोच्या रॉबर्ट सॉल्टर आणि रॉबर्ट हॅरिस यांनी १९६३ मध्ये चकतीच्या दुखापतींचे पाच प्रकार मांडले, ते आजही आम्ही वापरतो. पहिल्या दोनांत चीर चकतीला समांतर जाते आणि निकाल बहुधा चांगला असतो. तिसऱ्या-चौथ्यात ती सांध्यापर्यंत पोचते, त्यामुळे तुकडा तंतोतंत बसवावा लागतो. पाचव्यात चकती चेचली जाते आणि सुरुवातीला फिल्मवर काहीच दिसत नाही. तुमच्या मुलीचं फ्रॅक्चर बऱ्याचदा चौथ्यात धरलं जातं.

पण २० टक्के वाढीची एक दुसरी बाजूही आहे. मनगटाचं वाकडं हाड सरळ होतं ते तिथल्या चकतीत भरपूर वाढ शिल्लक असते म्हणून. कोपरापाशी ती नाही. इथे वाकडं जुळलेलं हाड पुढे आपसूक सरळ होईल ही आशा धरू नये.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सगळं नीट होऊनही कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाड थोडं फुगलेलं दिसेल, टेंगूळ आल्यासारखं. साल उचलली गेली की तिथे जास्तीचं हाड पडतं. त्याने काम अडत नाही.

मालिश अजिबात नको. आता नको, प्लास्टर काढल्यावर नको, तेल कोमट असलं तरी नको. कोपराभोवतीचा चुरगळलेला स्नायू जोराने चोळला किंवा हात धरून ओढून सरळ केला तर त्या स्नायूतच हाड धरू लागतं आणि कोपर कायमचं अडकू शकतं. प्लास्टर निघाल्यावर कोपर ताठ असणार, ते पाहून तुमचा जीव कासावीस होईल. तिला स्वतःच्या हाताने करू द्या: चमच्याने खाणं, तांब्याने पाणी ओतणं, भाकरीच्या पिठाचा गोळा मळणं, वेणीला रिबन बांधायचा प्रयत्न. दोन-तीन महिन्यांत बहुतेक हालचाल परत येते, शेवटचे काही अंश सहा महिनेही घेतात. तिच्याऐवजी दुसऱ्या कुणी हात वाकवायचा नाही, हा एकच नियम पाळा.

हाडवैद्यांबद्दल. माझ्या भागात अशी घराणी आहेत. त्यांची बोटं निखळलेला खांदा अचूक ओळखतात, हे मी मान्य करतो. पण कूर्चेत गेलेली चीर बोटांना कळत नाही, आणि सुजणाऱ्या कोपरावर कामट्या आवळणं धोक्याचं असतं. आवळलेल्या बांधणीने दाब वाढून स्नायूचं रक्त बंद होतं आणि हात पंजासारखा आखडतो. जर्मन सर्जन रिचर्ड फॉन फोल्कमन यांनी १८८१ मध्ये हे वर्णन केलं, आणि घट्ट बांधणीला दोष दिला. तुमच्या मुलीची ती वेळ सुखरूप टळली. पण ऑपरेशननंतर प्लास्टर असेल तेव्हा हे डोक्यात ठेवा: बोटं थंड किंवा निळी पडली, बधिर झाली, दुखणं औषध देऊनही वाढत गेलं, किंवा बोट हलकेच सरळ केल्यावर ती किंचाळली, तर सकाळची वाट पाहू नका. स्नायूच्या हातात सहाएक तासच असतात.

कांडवेलीचा लेप लावा किंवा नका लावू, सरकलेला तुकडा लेपाने जागेवर येत नाही. डिंकाचे लाडू आणि पायाचं सूप आवडीने खात असेल तर खुशाल द्या. नाचणीची भाकरी, दूध, तीळ, डाळी, अंडं, रोजचा थोडा उन्हात खेळ, एवढ्यावर मुलाचं हाड छान धरतं. ज्या मुलाचं पोट नीट भरतंय त्याला कॅल्शियमची महागडी बाटली लागत नाही.

आता सासूबाई. गुडघ्यातली ‘गादी’ म्हणजे तीच चकाकणारी कूर्चा, २ ते ४ मिलिमीटर जाड, तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी. आत थोड्याशा पेशी, आपापल्या कप्प्यांत अडकलेल्या. चालताना ती स्पंजासारखी दाबली जाते आणि सुटते, तेव्हा सांध्यातल्या वंगणातून तिला पोषण मिळतं. म्हणून गुडघा दुखतो म्हणून चालणं पुरतं बंद करणाऱ्या बायकांचा गुडघा आणखी बिघडतो. तिच्यात रक्तवाहिनी नाही, त्यामुळे ती भरून येत नाही, आणि नसही नाही, त्यामुळे झिजायला लागली तरी आधी कळत नाही. दुखायला लागतं ते खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर ओरडायला लागल्यावर. कूर्चा एकदा नष्ट झाली की परत येत नाही, हे लंडनचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच रॉयल सोसायटी या तिथल्या विज्ञानसंस्थेपुढे मांडलं होतं. १९९४ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यातल्या खळग्यात भरल्याचे निकाल प्रसिद्ध केले, आणि आज ते उपचार आपल्याकडेही होतात. पण ते तरुण गुडघ्यातल्या एका ठरावीक खड्ड्यासाठी. सगळीकडून झिजलेल्या गुडघ्यासाठी ते नाहीत.

तेव्हा “गादी पुन्हा तयार होते” म्हणून कुणी हजारोंची इंजेक्शनं सुचवली तर ते पैसे वाचवा. वजन १ किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो. खुर्चीत बसून पाय समोर सरळ धरून दहा आकडे मोजायचे, सावकाश खाली आणायचा, दोन्ही पायांनी, सकाळ-संध्याकाळ. मांडीच्या पुढच्या स्नायूला बळ आलं की गुडघा हलका होतो. उकिडवं बसणं बंद, उंच कमोड. एवढं तीन महिने मनापासून करूनही रात्री दुखण्याने झोप मोडत असेल आणि चालणं घरापुरतं उरलं असेल, तर सांधा बदलण्याचा विचार करा, फार लांबवू नका.

पुन्हा मुलीकडे येतो. तारा काढल्या म्हणजे काम संपलं असं समजू नका. निदान दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी दाखवा. घरीही तिला आरशासमोर उभी करा, दोन्ही तळहात पुढे, दोन्ही कोपरं सरळ, आणि दोन्ही हातांचा बाहेरचा कोन सारखा आहे का ते बघा. अधूनमधून सहज विचारा, करंगळीला मुंग्या येतात का. पहिल्या फिल्मसकट सगळ्या फिल्म एका पिशवीत जपून ठेवा. पुढे कुठलाही डॉक्टर आधी त्याच मागेल.